राजापुरी

पाटीवर माझं नाव आहे: डॉ. वैजयंता ऐवळे, त्वचारोग.
खाली पदव्या. त्यांच्या खाली रंगवणाऱ्याने, न विचारता,
एक गुलाबी गाल काढून ठेवलाय.
पुसायचा राहिला. सहा वर्षं झाली.

बाप मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचा.
आंघोळ करून जेवायला बसला तरी भाकरी पिवळी व्हायची,
उशी पिवळी. माझ्या प्रगतीपुस्तकावर सही केली
की शेजारी अंगठाही उमटायचा, कुणी न मागितलेला.
मिरजेला पहिल्या वर्षी काविळीचं प्रकरण वाचलं
आणि शनिवारी घरी येऊन त्याच्या पापण्या ओढून पाहिल्या.
डोळे पांढरे होते.
"सावकाश गं," म्हणाला, "डोळा हाय त्यो."

त्वचाच का घेतली, लोक विचारतात.
मार्क कमी पडले, हे अर्धं उत्तर.
उरलेलं बापाच्या मानेवर होतं,
पोतं टेकून टेकून काळं, जाड झालेलं.
मी तिथे बोट ठेवलं तर त्याला कळायचं नाही.

सोमवारी गर्दी.
सावळजचा द्राक्षवाला, बोटांच्या बेचक्या सोललेल्या,
औषधात उघड्या हाताने घड बुडवतो.
हातमोज्यात घाम येतो म्हणे.
कुपवाडच्या कारखान्यातली पोरं गजकर्ण घेऊन येतात,
मांडीवर नकाशे, आणि खिशात ती ट्यूब
जी मेहुण्याला लागू पडली होती.
आठ दिवस आराम, मग दुप्पट.
ट्यूब फेका, मी म्हणते. टॉवेल वेगळा. घट्ट जीन्स नको.
खाज थांबली म्हणून गोळी थांबवायची नाही.
ती मान हलवतात.
मान हलवणं म्हणजे हो नव्हे,
हे मिरजेला कुणी शिकवलं नाही.

खरूज असली तर मी अख्खं घर बोलावते.
एकाच रात्री, सगळ्यांनी, गळ्यापासून तळव्यापर्यंत.
"आजोबांना खाजत न्हाई."
आजोबांनीसुद्धा.

पुराच्या वर्षी शाळेच्या वर्गात बसून
मी फक्त पायांची बोटं पाहिली, कुजलेली, पांढरी,
दिवसाला दोनशे माणसांची.
आता बाजारात कुणी ओळख दाखवलं
की माझी नजर आधी चपलेकडे जाते.

कसबे डिग्रजच्या शालन मगदूम.
टिकली काढली, तर खाली
टिकलीच्याच मापाचा पांढरा गोल.
चिकटामुळे झालंय, मी म्हटलं. कोड पसरेलच असं नाही.
मलम देते. रंग आला तर कडेकडेने येईल, महिने लागतील,
नाहीही येणार. पण टिकली आजपासून बंद.
"मोकळं कपाळ घिऊन जाऊ कशी?" त्या म्हणाल्या,
"मालक भाईर बाकावर बसल्यात. जित्ते."

मालक खरंच बाकावर होते. काही बोलले नाहीत.
पुढच्या सोमवारी मात्र स्वतःच आत आले,
खिशातून पुडी काढली. गणपती पेठेतलं कुंकू.
"ह्ये चालंल का, तपासून बगा."

कुंकू तपासायचं यंत्र माझ्याकडे नाही.
शालनताईंच्या पाठीवर चिमूटभर, वर पट्टी,
दोन दिवस पाणी लावायचं नाही.
आणि नियमात कुठेच बसत नसताना
थोडं माझ्या मनगटावर.

बुधवारी त्यांची पाठ स्वच्छ निघाली.
शुक्रवारी परत बघू, मी म्हटलं,
आणि चिठ्ठीवर तोवर पेन्सिलीने लिहिलं:
कुंकू चालेल. मेण नको, गोंद नको.
माझ्या मनगटाला मात्र खाज सुटली होती,
कुंकवाची नाही, पट्टीच्या चिकटाची.

रात्री बापाला वाढताना हात पुढे गेला.
घामाने लाल रंग परत पिवळा पडला होता.
त्याने घास थांबवला, मनगट नाकाशी नेलं.
वीस वर्षं झाली त्याला यार्ड सोडून.
"सेलम हाय ही," तो म्हणाला,
"राजापुरी न्हवं."